मनोऱ्याच्या पायऱ्या

आमच्या प्रवासाचा दुसरा दिवस पहिल्यापासून अवघड होता. बारा वर्षांत बाबांनी आणि मी तो नकाशावर निदान तीस वेळा मांडला असेल आणि तितक्याच वेळा खोडला. पहिल्या दिवसात काही नव्हतं: सकाळी सहाला घर सोडायचं आणि नदीच्या कडेकडेने जंगलाच्या तोंडाशी असलेल्या विश्रामगृहापर्यंत पोचायचं. तिसरा आणि चौथा दिवस परतीचे. पण दुसऱ्या दिवशी तलाव, बंद पडलेली लाकडाची वखार, जुना पूल आणि वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला मनोरा, एवढं सगळं उजेड असेपर्यंत बसवायचं होतं, आणि मधे सव्वीस किलोमीटर कच्चा रस्ता.

"साहेब, तुमचा दुसरा दिवस पुन्हा उसवला," बाबा म्हणायचे.

साहेब म्हणजे मी. बाबा सडक खात्याच्या नकाशा विभागात छत्तीस वर्षं इतरांनी काढलेले नकाशे तपासत होते. घरी मात्र मंजुरी माझी लागायची. रविवारी सकाळी चहाचे कप उचलले की जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. चार कोपऱ्यांवर कापडात शिवलेली शिशाची चार वजनं. मग बाबा पेन्सिलीला टोक काढायचे, रबर माझ्या बाजूला सरकवायचे आणि विचारायचे, "बोला साहेब, आज कुठवर जायचं?"

त्यांच्या कचेरीत एक नियम होता. एखादा नवा रस्ता कोणाच्या अहवालातून कळला तर तो नकाशात पेन्सिलीने दाखवायचा. मग खात्यातल्या कोणीतरी जागेवर जाऊन तो डोळ्यांनी पाहायचा, आणि त्यानंतरच त्या रेघेवर शाई फिरवायची. ऐकलेलं पेन्सिलीत, पाहिलेलं शाईत. बाबा हा नियम घरातही पाळत. आमचा सगळा प्रवास पेन्सिलीत होता. खोडून खोडून दुसऱ्या दिवसाच्या भागाचा, म्हणजे नकाशाच्या तिसऱ्या पत्रकाचा, कागद इतका झिजला होता की उजेडाकडे धरला तर पलीकडची खिडकी दिसायची.

जायचं मात्र कधी जमलं नाही. नऊ वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती वॉकरशिवाय चालत नाही. तिला एकटं सोडून चार दिवस दोघांनी कसं जायचं? "पुढच्या वर्षी," बाबा म्हणायचे. मला त्याचं फार वाईट वाटत नसे. मी घरी बसून मुद्रितं तपासते, लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधते. माझं जग टेबलाएवढंच आहे. ते रविवार मला पुरायचे. घरातल्या सगळ्या गोष्टी वाटून घ्याव्या लागतात, बाबासुद्धा. हा प्रवास तेवढा आम्हां दोघांचा होता.

बाबा गेले त्याला आता दहा आठवडे झाले. दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. मी आतून विचारलं, "चहा टाकू का?" आणि उत्तर आलं नाही.

सगळे येऊन गेले, घर रिकामं झालं, आणि मी ठरवलं की जायचं. त्यांच्या पेन्सिलीच्या रेघेवरून, त्यांनी ठरवलेल्या वळणांनी. अडचण एवढीच होती की मी गाडी चालवते ती छापखान्यापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत. कच्च्या रस्त्याची मला भीती वाटते. म्हणून धाकट्या बहिणीला म्हटलं, "येतेस?" ती लगेच हो म्हणाली. आईसाठी शेजारच्या परिचारिकेशी बोलून ठेवलं. विश्रामगृहात दोघींची खोली सांगितली. राहिला होता तो दुसरा दिवस.

त्या रविवारी बहीण दहा वाजता आली. बाबा तिला भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती जेवतानासुद्धा एका जागी बसत नसे. आताही आली ती खुर्चीवर एक पाय मुडपून बसली आणि संत्रं सोलायला लागली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मटार सोलत होती.

"नकाशावर रस सांडू नकोस," मी म्हटलं.

"झालं का सुरू? बाबा गेले आणि खुर्ची तुला देऊन गेले."

"खुर्ची आधीपासून तिचीच होती," आई म्हणाली. "ते नुसते बसायचे."

आम्ही तिघी हसलो. दहा आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच.

मी पेन्सिल घेतली. "हे बघ. तलाव सकाळी आठला. वखार दहाला. मग पूल ओलांडून मनोऱ्यावर साडेबाराला. तिथेच डबा खायचा. वरून म्हणे तिन्ही दऱ्या एकदम दिसतात."

"मनोऱ्यावर दुपारी नको," बहीण फोड तोंडात टाकत म्हणाली. "पायऱ्या तापतात. लोखंडी आहेत, हात टेकवत नाही कठड्यावर. सकाळी आधी मनोरा करायचा, मग उलटं खाली तलावाकडे यायचं."

मी नकाशाकडे पाहिलं. मनोऱ्याच्या खुणेशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मनोरा (लाकडी).

"लोखंडी आहेत हे तुला कोणी सांगितलं?"

"अं? बाबाच म्हणाले असतील कधीतरी." तिने दुसरी फोड सोडवली. "नाहीतर कुठेतरी वाचलं असेल."

भिंगरी वाचत नाही. हे मी तिला नावं ठेवायला म्हणत नाही, ती स्वतःच सांगते. आईने मटारची एक शेंग फोडली आणि दाणे भांड्यात न टाकता तशीच धरून ठेवली. चुका शोधण्याचं काम अनेक वर्षं केलं की मजकूर कळायच्या आधी कुठेतरी काहीतरी खटकतं. मला तसं खटकलं. पण मी एवढंच म्हणाले, "हा कागद आता फाटेल. कपाटात कोरी प्रत असेल, आणते."

बाबांच्या कपाटात नकाशांची पत्र्याची नळकांडी होती, आठ. प्रत्येकावर पत्रकांचे क्रमांक चिकटवलेले. मी तिसऱ्या पत्रकाचं नळकांडं उघडलं. आत दोन प्रती होत्या. एक कोरी. दुसरी पलंगावर पसरली तेव्हा मला आधी वाटलं की ही दुसऱ्याच कुठल्यातरी कामाची आहे, कारण ती शाईत होती.

रस्ता आमचाच होता. नदी, नाकं, तलाव, वखार, पूल. बाबांच्या बारीक, सरळ अक्षरात काळ्या शाईने टिपणं होती. "तलावाकाठी गाडी लावायला जागा, झाडाखाली, दोन गाड्यांपुरती." "वखारीचं छप्पर पडलं आहे, करवत अजून आहे." "पूल लाकडी, एका वेळी एकच गाडी." मनोऱ्यापाशी होतं: "लोखंडी. पायऱ्या ४२." आणि त्याखाली, शाई तीच, अक्षर जरासं हललेलं: "इथे भिंगरी हसली. ११ महिन्यांनी."

कोपऱ्यात तारीख होती. सहा वर्षांपूर्वीची, चौदा मार्च.

मी पलंगावर बसले. मला तो मार्च आठवत होता. बाबा तेव्हा नोकरीत होते आणि चार दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला गेले होते. निदान मला तसं सांगितलं होतं. मी त्यांचे चार शर्ट इस्त्री केले. डबा आणि थर्मास भरून दिला. आईला त्या आठवड्यात ताप होता आणि माझ्याकडे जनावरांच्या रोगांवरच्या एका सहाशे पानी पुस्तकाची मुद्रितं होती. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. "कंटाळवाणं काम आहे गं. नुसते कागद." परत आले तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. कचेरीत विसरली म्हणाले. मी बाजारात जाऊन तशीच नवी टोपी आणली. ती अजून दाराच्या खुंटीवर आहे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे टेबलावर बसलो. तोही रविवार मला आठवत होता. मनोऱ्याच्या खुणेवर पेन्सिल ठेवून बाबांनी विचारलं होतं, "साहेब, हा मनोरा लाकडी असेल की लोखंडी?"

मी विचार केला होता. म्हटलं होतं, "जंगलात लाकडाला काय तोटा? लाकडीच असणार."

"पटतंय," बाबा म्हणाले होते. आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "लिहा मग."

त्या लोखंडी पायऱ्यांवरून ते उतरून आले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

त्यांना खोटं बोलता आलं. चार दिवस रोज फोनवर बोलता आलं, आणि पुढे सहा वर्षं दर रविवारी. पण पाहिलेला रस्ता पेन्सिलीत ठेवणं त्यांना जमलं नाही. आणि शाईत केलेलं पत्रक त्याच्या क्रमांकाच्या नळकांड्याखेरीज दुसरीकडे ठेवणंही जमलं नाही. फाडून टाकता आलं असतं, जाळायला चूल होती, गच्ची होती. ते नीट गुंडाळून, लावून ठेवलं होतं.

मी तो नकाशा बाहेर आणला आणि पेन्सिलीच्या नकाशावर पसरला. वजनं उचलून पुन्हा ठेवली.

बहिणीने पाहिलं. तिचा मुडपलेला पाय खाली आला.

"ताई..."

"बेचाळीस आहेत का?"

"काय?"

"पायऱ्या. बेचाळीस आहेत?"

"मी मोजल्या नाहीत," ती अगदी हळू म्हणाली. "ते मोजत होते."

मग तिने मनोऱ्याखालची ओळ वाचली. ती तिने पूर्वी पाहिली नसावी. तिने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. अकरा महिने कशाचे ते आम्हां तिघींना ठाऊक होतं. तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली होती, नुसती बसून राहायची. आईला ताप आला त्या आठवड्यापर्यंत तिच्या घरी रोज डबा मी पोचवत होते. तिचे केस मी विंचरत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. माझा हात नकाशावर होता, तो तिथेच राहिला.

"का हसलीस?" मी विचारलं.

"टोपी उडाली त्यांची. वरून, दरीत. मी म्हटलं, बाबा, टोपी! तर म्हणाले, जाऊ दे, पत्रक तीनमध्ये दाखवू." रडता रडता ती पुन्हा हसली आणि माझं तोंड बघून थांबली. "ताई, मला माहीत नव्हतं गं. गाडीत बसेपर्यंत कुठे जायचंय ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, चल, चार दिवस. पहिल्या नाक्यावर कळलं की हा तुमचाच रस्ता."

"मग?"

"मी म्हटलं, ताईचं काय? तर म्हणाले, तिला सांगू नकोस. तिला न्यायचं तर आईला कोण बघणार, आणि न नेता सांगितलं तर तिला लागेल."

"मला विचारलं असतं तर मी दिला असता. रस्ता. तुझ्यासाठी दिला असता. मीच तुमचा डबा भरून दिला असता."

"माहीत आहे."

"मी भरूनच दिला होता," मी म्हटलं. "थर्माससकट."

 संत्र्याची सालं तिने एकावर एक रचली होती.

"तुम्ही गेलात त्याचं काही नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा शांत होता. "पुढची सहा वर्षं ते माझ्याबरोबर काय करत होते? मला विचारायचे, तलावाकाठी गाडी लावायला जागा असेल का. मी म्हणायचे, असेल. ते म्हणायचे, बघू या."

"त्यांना ते आवडायचं, ताई. खरंच. परतीच्या वाटेवर मला म्हणाले होते, जंगल छान आहे, पण ताईबरोबर टेबलावर असतं तेच जास्त छान."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लहान मुलाने खोट्या भांड्यांत चहा करून दिला की मोठी माणसं फुर्र करून पितात आणि म्हणतात, वा, झकास झालाय. मी अडतीस वर्षांची होते तेव्हा. मला वाटत होतं की आम्ही दोघं एकाच बाजूने नकाशाकडे बघतोय.

मग मला त्या फोडून धरलेल्या शेंगेची आठवण झाली. मी आईकडे वळले.

"तुला माहीत होतं."

"मला कोणी सांगितलं नाही," आई म्हणाली.

"पण माहीत होतं."

"गाडी धुतलेली होती." तिने शेवटी ते दाणे भांड्यात टाकले. "तुझा बाप गाडी कधी धुवायचा? धुळीवर कोणीतरी बोटाने नाव लिहीपर्यंत हात लावायचा नाही. आणि त्या दिवशी कचेरीतून आलेली गाडी चकचकीत, टायरसुद्धा. मी खिडकीतूनच म्हटलं, हा माणूस कुठेतरी चिखलात जाऊन आलाय. चार दिवसांनी ही आली, तिने दोन वेळा भाजी वाढून घेतली. मग कळलं."

"आणि तू गप्प राहिलीस."

"ही जेवायला लागली होती गं. मी काय बोलणार होते?"

"मला बोलायचं होतंस."

आईने भांडं बाजूला सरकवलं. "बोलू? मग ऐक. मला सोडून जाता येत नाही, मला सोडून जाता येत नाही, असं तुम्ही दोघं नऊ वर्षं म्हणत होतात. एकदा तरी मला विचारलंत? मी राहिले असते त्या परिचारिकेकडे. तिचा टीव्ही मोठा आहे. त्याला निघायचं नव्हतं आणि तुला निघायची भीती होती, आणि नाव माझ्या खुब्याचं."

 तिचं खरं होतं, पण म्हणून माझं खोटं झालं असंही मला वाटलं नाही. या घरात माझ्याखेरीज प्रत्येकाला ठाऊक होतं की मनोरा लोखंडी आहे. मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि विश्रामगृहाच्या रखवालदाराला फोन लावला.

"दोघींची खोली सांगितली होती," मी म्हटलं. "एकच येणार आहे."

"एकट्याच? बाईमाणूस?" तो म्हणाला. "या, या. पण मनोऱ्याकडे जाणार असाल तर एक सांगतो, वखारीजवळचा तो लाकडी पूल गेल्या वर्षीच्या पुरात गेला. आता वरून फिरून जावं लागतं, अकरा किलोमीटर जास्त. रस्ता तसा बरा आहे. सावकाश आलात तर काही होत नाही."

मी त्याला तीनदा विचारून वळणं लिहून घेतली. फोन ठेवला तेव्हा बहीण दारात उभी होती.

"ताई, एकटी नको. मी चालवते ना गाडी. तू नुसती बस."

"तू आईजवळ राहा."

"चार दिवस?"

"चार दिवस."

"मला तिच्या गोळ्या कुठल्या, कधी, काही माहीत नाही..."

"लिहून ठेवते."

"राग काढतेयस माझ्यावर."

"हो," मी म्हटलं. तिला ते अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं. "त्यांच्यावर काढता येत नाही. आणि शिवाय कोणीतरी राहायलाच हवं. नऊ वर्षं मी राहिलेय."

 मग ती आत आली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. "सांग. सकाळची कुठली?"

त्या आठवड्यात परिचारिकेला मी सांगितलं की गरज नाही. दुसरा दिवस एकटीने पुन्हा मांडला. पूल नसल्यामुळे गंमत अशी झाली की वखार गाळावी लागली, आणि वखार गाळली की बाकीचं सगळं उजेडात बसत होतं. बारा वर्षांत आम्हां दोघांपैकी कोणाच्याही मनात वखार गाळायचं आलं नव्हतं. मी आमच्या झिजलेल्या कागदावर पुलाजवळची रेघ खोडली आणि वरून फिरून जाणारा रस्ता पेन्सिलीने काढला. "मनोरा (लाकडी)" तसंच ठेवलं. ते खोडायला रबर उचललं होतं, पण कागद तिथे फारच पातळ झाला होता.

शाईचं पत्रक गुंडाळून मी बहिणीला दिलं. "हे तुझं आहे," मी म्हटलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला ती दाराबाहेरच्या कठड्याशी येऊन उभी राहिली, हातात गोळ्यांचा कागद. मी बॅग मागच्या सीटवर टाकली. आरसा नीट केला. पुन्हा नीट केला. 

"बाबांचं पेन घेतलंस का? शाईचं?" तिने विचारलं.

"नाही."

"का गं?"

"पेन्सिल घेतली आहे."

ती खिडकीशी आली. "आल्यावर सांगशील ना, कसं होतं ते?"

"तू पाहिलंयस की," मी म्हटलं.

ते तिला लागलं. लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं, आणि ते मी मागे घेतलं नाही. गाडी सुरू केली. तेवढ्यात वॉकर आपटत आपटत आई दारापर्यंत आली. खुंटीवरची बाबांची टोपी तिने काढून आणली होती, मी आणलेली, नवी. बहिणीच्या हाती ती खिडकीतून आत पाठवली आणि दारातूनच ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:

"आणि येताना गाडी धुऊ नकोस!"